ग्रंथालयातलं ऑनलाइन काम : सुरुवात कुठून करावी

तालुक्याच्या किंवा एखाद्या मोठ्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की 'आता सगळं ऑनलाइन करायचंय', तर त्याच्या मनात दोन विचार एकदम येतात. हे आपल्याला जमायचं नाही, हा पहिला. आणि आजवर आपण जे केलं त्याला आता किंमत उरली नाही, हा दुसरा. हा लेख अशा माणसांसाठी आहे. त्यात बायका आल्याच. 'क' आणि 'ड' वर्गाच्या कितीतरी ग्रंथालयांत देवघेवीच्या टेबलामागे एकटी ताई बसलेली असते आणि ग्रंथपाल, लिपिक, शिपाई अशी तिन्ही कामं तीच उरकते.

पहिल्या विचाराचं उत्तर या लेखभर येईल. दुसरा मात्र इथेच खोडून काढतो, कारण तो निखालस चुकीचा आहे. संगणकावर कुठलं बटण कुठे आहे हे आठ-पंधरा दिवसांत हाताला समजतं. पण पुस्तकाची नोंद अशी करायची, की दहा वर्षांनी भलत्याच माणसाला ती विनासायास सापडावी, हे समजायला वर्षं लागतात. दाखल नोंदवही, वर्गांक, निर्लेखनाची यादी, लेखकाचं आडनाव आधी लिहिण्याची सवय हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे. ऑनलाइन कामातला अवघड भाग हाच आहे. उरलेलं शिकता येतं.

शिकायचं ते साधनापासून नको, काउंटरपासून सुरू करा. एक आठवडा देवघेवीच्या टेबलावर साधी वही ठेवा आणि ज्या प्रश्नापाशी तुम्हाला उठून कपाट धुंडाळावं लागलं किंवा 'नंतर या' म्हणावं लागलं, तो प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा. 'हे पुस्तक आहे का आपल्याकडे?' 'कुणाकडे गेलंय? कधी परत येईल?' 'मुलीला आपल्या तालुक्याच्या इतिहासावर प्रकल्प दिलाय, काही मिळेल का?' 'मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका?' आठवडा संपला की वही वाचा. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न कोणता, ते बघा आणि ज्या साधनानं तो सुटतो तेच आधी शिका. बाकीची थांबू शकतात. प्रशिक्षणवर्गात एका दुपारी दहा साधनांची ओळख होते आणि सोमवारी त्यातलं एकही आठवत नाही, कारण त्यातलं काहीही सोमवारच्या कामाशी जोडलेलं नसतं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २००६ साली या बाबतीत एक चांगला प्रयोग केला. हेलन ब्लोअर्स या तिथल्या अधिकारी. त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कृतींची यादी केली. एक खातं उघडा, एक फोटो चढवा, एखादी यादी करा, अशा त्या कृती. प्रत्येकानं आपल्या गतीनं त्या करायच्या आणि प्रत्येक कृतीनंतर काय समजलं ते चार ओळींत लिहून ठेवायचं. सगळ्या कृती पूर्ण करणाऱ्यांना एमपीथ्री प्लेअर भेट मिळाला. 'तेवीस गोष्टी' या नावानं हा उपक्रम पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलला. त्यातल्या दोन गोष्टी आपण जशाच्या तशा घ्याव्यात. शिकणं कामाच्या वेळेत व्हावं आणि त्याची नोंद राहावी. आपल्याकडे दुपारी एक ते चार ग्रंथालय बंद असतं किंवा वाचक तुरळक असतात. त्यातला रोजचा अर्धा तास कार्यकारी मंडळाला सांगून अधिकृतपणे शिकण्यासाठी राखून घ्या. घरी जाऊन, स्वयंपाक आटोपून, मोबाइलवर शिका, असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. ग्रंथालयाचं काम ग्रंथालयाच्या वेळेतच शिकायला मिळायला हवं.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या तेवीसांत शिकवलेली डेलिशस, रोल्योसारखी साधनं आज नाहीत. आपल्याकडे घरोघरी पोचलेलं ऑर्कुटही २०१४ मध्ये बंद झालं. म्हणून कुठलंही साधन निवडताना, मग ते फुकट असो की विकतचं, पहिला प्रश्न हा विचारा : माझी सगळी माहिती मला यातून एका फाइलमध्ये बाहेर काढून घेता येईल का? संगणकीकरण करून देतो म्हणणारा विक्रेता समोर बसला असेल तर त्यालाही हेच विचारा आणि 'हो' म्हणाला तर समोर करून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला, तर त्याचं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी घेऊ नका.

दाखल नोंदवही संगणकावर आणताना

बहुतेक ठिकाणी आठवड्याच्या वहीत पहिला नंबर 'हे पुस्तक आहे का?' याचाच येईल. म्हणजे पहिलं काम पुस्तकांची यादी. यासाठी थेट मोठ्या सॉफ्टवेअरवर उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार होऊन २००० सालच्या सुरुवातीला वापरात आलेलं कोहा आहे. ते खुल्या स्रोताचं असल्यानं त्याचा परवाना फुकट आहे, आणि आज जगभर ते वापरलं जातं. दोन्ही उत्तम आहेत. पण कोहाला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि दोन्हींत भरायला आधी स्वच्छ माहिती लागते. ती स्वच्छ माहिती साध्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये, तयार करता येते. पुढे मोठं सॉफ्टवेअर आलं की तीच यादी त्यात भरता येते. यादी गचाळ असेल तर सॉफ्टवेअर बदलून काही सुधारत नाही.

एका रकान्यात एकच गोष्ट, हा पहिला नियम. दाखलांक, ग्रंथनाम, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, प्रकाशनस्थळ, प्रकाशनवर्ष, आवृत्ती, पृष्ठं, किंमत, वर्गांक, आयएसबीएन, शेरा. नोंदवहीत आपण 'मेहता, पुणे, २००४, दुसरी आवृत्ती' असं एका दमात लिहून मोकळे होतो. संगणकावर याचे चार तुकडे करायला लागतात, नाहीतर पुढे 'दोन हजार सालानंतरची पुस्तकं दाखव' असं विचारलं की तो काहीच दाखवत नाही. आकडे मात्र इंग्रजी टंकात भरा. देवनागरी आकड्यांना एक्सेल बहुधा अक्षरंच समजतो, त्यांची बेरीज करत नाही आणि वर्षांचा क्रमही नीट लावत नाही. छापील यादीत आकडे मराठी हवेत हे मला मान्य आहे. ते छापताना बदलता येतात.

दाखलांक एकपासून भरायला बसू नका. मोठ्या उत्साहानं सुरुवात होते आणि पहिली तीन-चारशे पुस्तकं म्हणजे नेमकी कुणी न नेणारी, पानं पिवळी पडलेली पुस्तकं निघतात. महिना जातो, यादी कुणाच्या उपयोगी पडत नाही, आणि काम थांबतं. त्यापेक्षा परत येणारं पुस्तक टेबलावर आलं की ते कपाटात जाण्याआधी त्याची नोंद करा आणि आतल्या पानावर पेन्सिलनं बारीक खूण करा. तीन-चार महिन्यांत ग्रंथालयातली हलती पुस्तकं, म्हणजे वाचक खरोखर मागतात ती, यादीत आलेली असतात आणि यादी त्याच दिवसापासून कामाला लागलेली असते. उरलेलं मग कपाटावार करा. ते करताना हरवलेली, फाटलेली, दोनदा दाखल झालेली पुस्तकंही सापडतील. निर्लेखनाची यादी त्यातूनच तयार होईल.

आयएसबीएनचा रकाना भरायला लागलात की एक गंमत घडते. तेरा आकडी क्रमांक टाइप करून पुढे गेलात, मागे वळून बघता तर तिथे ९.७८ आणि पुढे ई अधिक बारा असं काहीतरी दिसतं. संगणक बिघडलेला नाही. एक्सेलनं त्या क्रमांकाला मोठी संख्या समजून आखडून दाखवलं आहे, इतकंच. संपूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' असा आधीच करून ठेवा, म्हणजे क्रमांक जसाच्या तसा राहतो. १ जानेवारी २००७पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा आकडी असतो आणि जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. नसेल तिथे रकाना कोरा ठेवा, शून्य भरू नका.

जुन्या पुस्तकांवर सालाचीही अडचण येते. मुखपृष्ठामागे 'शके १८३०' एवढंच छापलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०८. जानेवारी ते मार्चमधलं पुस्तक असेल तर ७९. वर्षाच्या रकान्यात इसवी सन भरा आणि शेऱ्यात मूळ शक लिहून ठेवा. सालच नसेल, किंवा पहिली आवृत्ती कोणती याचा घोळ असेल, तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची ती सूची आहे. संगणक नसताना एका माणसानं ध्यास घेऊन उभं केलेलं हे काम आजही कुठल्याही शोधयंत्राला मदत करू शकतं. ते पाहिलं की आपल्या व्यवसायाबद्दलचा आदर वाढतो.

दिसतं सारखं, सापडत नाही

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते आणि प्रशिक्षणात ती क्वचितच कुणी सांगतं, म्हणून इथे जरा थांबतो.

एक आजोबा काउंटरवर आले. 'पु. लं.ची वाऱ्यावरची वरात आहे का हो?' तुम्ही यादीत शोधता. 'सापडलं नाही' असा निरोप येतो. पण पुस्तक तर समोर तिसऱ्या फळीवर दिसतंय, आणि यादी खाली सरकवत गेलं तर नोंदही आहे. मग शोधात का आलं नाही? कारण 'वाऱ्या'मधला तो अर्धा, डोक्यावर न जाणारा र संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी उमटतो. काही कळफलक त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चंही तसंच. तो एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो, आणि अ वर चंद्र देऊनही होतो. यादी भरणारा एक, शोधणारा दुसरा, दोघांचे कळफलक वेगळे, की पुस्तक असूनही सापडत नाही.

यावर उपाय तीन. ग्रंथालयात एकच कळफलक ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा. शिकण्याची तयारी असेल तर इनस्क्रिप्ट सर्वांत भरवशाचा, कारण तो सरकारी प्रमाण आहे आणि विंडोज, अँड्रॉइड सगळीकडे मिळतो. ते जमत नसेल तर गूगलचा उच्चारानुसार चालणारा कळफलकही चालेल, पण मग दोघांनीही तोच. दुसरा उपाय असा, की शोधताना पूर्ण नाव टाइप करू नका. अडचणीचं अक्षर टाळून 'वरची वरात' एवढंच शोधा. तिसरा उपाय लेखकांच्या नावांसाठी. 'पु.ल. देशपांडे', 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.', 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' हे चार संगणकाला चार लेखक वाटतात. वेगळ्या पानावर लेखकांच्या नावांची एक प्रमाण यादी करा, आडनाव आधी, टिंबानंतर जागा सोडायची की नाही तेही ठरवून, आणि नोंद करताना नाव त्या यादीतूनच निवडलं जाईल अशी सोय करा. स्प्रेडशीटमध्ये ड्रॉपडाउन नावाची ही सोय असते. या एका कामाला आठवडा लागला तरी लागू द्या.

आधीच्या कुणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी यादी करून ठेवली असेल तर ती बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असते. दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती टाकून देऊ नका. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार तेवढे डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

टायपिंगचा वेग कमी असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय असते. पुस्तकांची नावं ती चांगली पकडते, आडनावं मात्र बिघडवते. दुसरा मार्ग फोटोचा. पुस्तकाच्या मुखपानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडायचा, की फोटोखाली त्यातला देवनागरी मजकूर अक्षरांत उमटतो. स्वच्छ छपाई असेल तर काम झकास होतं. जुन्या शिळाप्रेसच्या छपाईपुढे ते हात टेकतं.

'काही बिघडलं तर?' ही भीती मी फार जणांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती खरी भीती आहे, कारण नोंदवहीत खाडाखोड झाली तर तपासणीत बोलणी खावी लागतात. गूगल शीट्समध्ये 'व्हर्जन हिस्टरी' नावाचा भाग असतो. फाइल कुठल्या दिवशी, कुणी, किती वाजता बदलली हे तिथे दिसतं आणि कालची फाइल परत आणता येते. ही गोष्ट पहिल्याच दिवशी शिका. मुद्दाम वीस ओळी पुसून टाका आणि परत आणून बघा. एकदा हे स्वतःच्या हातानं केलं की निम्मी भीती गेली. त्यावर महिन्यातून एकदा संपूर्ण फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि कागदी दाखल नोंदवही बंद करू नका. वार्षिक तपासणीला ती लागते. ती कधी आणि कशी बदलायची, हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

वाचकाला बाहेरचं शोधून देताना

आपल्या कपाटात नाही म्हणून वाचकाला रिकाम्या हातानं पाठवायची वेळ आता पूर्वीइतकी येऊ नये. मराठीत खात्रीचं, मोफत आणि कायदेशीर असं बरंच काही उपलब्ध आहे. त्यातली मोजकी ठिकाणं तुम्हाला आपल्या कपाटांइतकी माहीत असावीत.

मराठी विश्वकोशाचे वीसही खंड संकेतस्थळावर वाचता येतात. केतकरांचा ज्ञानकोशही ऑनलाइन आहे. शब्दाचा अर्थ विचारला तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आहे, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही. जुन्या कीर्तनातला, पोथीतला, बखरीतला शब्द अडला की आधी तिथे जा. तालुक्याच्या इतिहासावर प्रकल्प असेल तर जिल्हा गॅझेटियर. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागानं ती ऑनलाइन ठेवली आहेत. शालेय पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. वर्ष सुरू होताना पुस्तक न मिळालेल्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवर दुर्मीळ आणि मंडळानं प्रकाशित केलेली पुस्तकं आहेत. आयआयटी खरगपूरनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी चांगलं आहे.

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण तिथे शोधणं ही वेगळीच विद्या आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेल्या पुस्तकांची नावं तिथे रोमन लिपीत, विचित्र स्पेलिंगनं चढवलेली आहेत. 'आई'तला दीर्घ ई दोन आय घालून लिहिलेला असतो, 'मराठी'तल्या ठ ला मध्येच ॲपॉस्ट्रॉफीचं चिन्ह असतं. देवनागरीत शोधून काही हाती लागत नाही. अशा वेळी नावातला एखादा सरळ, बिनदीर्घ शब्द रोमनमध्ये टाका, लेखकाचं आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेतही असाच प्रकार आहे. त्यांच्या दिल्ली कार्यालयानं १९६०च्या दशकापासून मराठी पुस्तकं घेतली आहेत, त्यामुळे आपल्याकडे कुठेही नोंद न सापडणाऱ्या पुस्तकाचं साल, प्रकाशक, पृष्ठसंख्या तिथे सापडते. पण तिथेही शोध रोमन लिपीत घ्यावा लागतो. असं एखादं पुस्तक मिळालं की ज्या स्पेलिंगनं मिळालं ते वहीत टिपून ठेवा. तुमची ही वही पुढच्या माणसाला कामाला येते.

हे शिकायला तुमच्याच इमारतीत शिक्षक आहेत. अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली सकाळपासून बसलेली असतात. आयोगाच्या संकेतस्थळावरून जुन्या प्रश्नपत्रिका कशा काढायच्या, चालू घडामोडी कुठे वाचायच्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यातल्या एकाला आठवड्यातून अर्धा तास मागा. 'अरे, मला हे एकदा दाखव' म्हणण्यात कमीपणा नाही. फक्त एक अट घाला : माऊस तुमच्या हातात राहील. त्यानं बोलायचं, तुम्ही करायचं. मुलं भराभर करून दाखवतात आणि 'झालं बघा काका' म्हणून निघून जातात. त्यानं काम होतं, शिकणं होत नाही. बदल्यात गॅझेटियर आणि विश्वकोश कसा वापरायचा हे तुम्ही त्यांना दाखवा. परीक्षेला त्यांना ते लागतंच.

चॅटजीपीटीसारखी साधनं आता फोनवर आली आहेत. ग्रंथप्रदर्शनाच्या सूचनेचा मसुदा, वाचनकट्ट्याचं निमंत्रण, एखाद्या इंग्रजी पत्राचा सारांश यासाठी ती जरूर वापरा. पण 'अमुक लेखकाची सगळी पुस्तकं सांग' असं मात्र विचारू नका. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं, प्रकाशकासकट आणि सालासकट, ती अगदी खात्रीच्या सुरात सांगतात. वाचक तुमच्याकडे येतो तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून. तो शब्द तालिकेवर, ग्रंथसूचीवर, प्रत्यक्ष पुस्तकावर पडताळूनच द्या.

व्हॉट्सॲप, पीडीएफ आणि वाचकांचे नंबर

नव्या पुस्तकांची माहिती सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठवणं हे कमी कष्टाचं आणि लगेच फळ देणारं काम आहे. मात्र त्यासाठी ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. एखाद्या महिला सभासदाला अनोळखी माणसाचे संदेश येऊ लागले, तर तिनं तुम्हाला विश्वासानं दिलेला नंबर तुमच्या हातून बाहेर गेलेला असतो. ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला संदेश स्वतंत्र जातो आणि कुणाचा नंबर कुणाला कळत नाही. मात्र ज्यांनी ग्रंथालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणून वर्गणी घेताना, पावती फाडता फाडताच, 'आपला नंबर सेव्ह करून ठेवा' असं सांगा. कोण कुठलं पुस्तक वाचतो ही माहितीही खासगी आहे. थकबाकीदारांची यादी पुस्तकांच्या नावांसकट फलकावर किंवा फोनवर टाकण्याची पद्धत जिथे असेल तिथे ती थांबवा.

पीडीएफच्या बाबतीत खंबीर राहायला लागेल. 'गाजलेल्या शंभर मराठी कादंबऱ्या' अशा नावाची फाइल फिरत फिरत तुमच्याकडे येईल, आणि एखादा वाचक प्रेमानं म्हणेल, 'सगळ्यांना पाठवा की.' पाठवू नका. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य १ जानेवारी २०११पासून सर्वांसाठी खुलं झालं. पु. ल. २००० मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० संपेपर्यंत आहे. अनुवादाला अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तेव्हा मूळ लेखक जुना असला तरी अनुवाद तपासा. मराठी प्रकाशक तोट्यात गेले तर पुढच्या वर्षी आपल्याला घ्यायला पुस्तकं कुठून येणार? जे खुलं आहे त्याचा दुवा मात्र बिनधास्त पाठवा, आणि फाइलपेक्षा मूळ संकेतस्थळाचा दुवाच पाठवा.

वाचकांच्या मागण्या गोळा करायला गूगल फॉर्म करा. ग्रंथनाम, लेखक, मागणाऱ्याचा सभासद क्रमांक, एवढे तीन प्रश्न पुरे. फॉर्मचा क्यूआर कोड छापून काउंटरवर चिकटवा. ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांच्या मागण्या तुम्हीच त्याच फॉर्ममध्ये भरा, म्हणजे सगळ्या एका यादीत येतात. ग्रंथखरेदीच्या सभेत 'वाचक काय मागतात' हे मग तोंडी सांगावं लागत नाही. यादीच टेबलावर ठेवता येते, आणि खरेदी कुणा एकाच्या आवडीवर जात नाही.

आता खात्यांबद्दल. ई-मेल, ड्राइव्ह, व्हॉट्सॲप, फॉर्म हे सगळं ग्रंथालयाच्या नावच्या खात्यावर उघडा, ग्रंथालयाच्या सिमकार्डावर. तुमच्या स्वतःच्या खात्यावर नको, सचिवांच्या मुलाच्या खात्यावर तर मुळीच नको. माणूस निवृत्त होतो, बदलतो, कधी रुसतो, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांची यादी निघून जाते. खात्याला दुहेरी पडताळणी लावा. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही आणि ग्रंथालय संचालनालयातून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही.

एक कागद करा. त्यावर प्रत्येक खात्याचं नाव, पासवर्ड, कुठल्या नंबरावर ओटीपी येतो, यादीची फाइल ड्राइव्हवर कुठे आहे, पेन ड्राइव्हवरची शेवटची प्रत कुठल्या तारखेची, आणि कळफलक कुठला वापरायचा ठरलं आहे, हे लिहा. कागद पाकिटात घालून, पाकीट बंद करून, त्यावर तुमची आणि अध्यक्षांची सही घेऊन, जिथे मूळ दाखल नोंदवह्या ठेवता त्याच कपाटात कुलूपबंद ठेवा. जडसंग्रह नोंदवहीत संगणकाच्या नोंदीपुढे हे पाकीट कुठे आहे त्याचा उल्लेख करा. पासवर्ड बदललात की त्याच दिवशी नवा कागद लिहा आणि जुना फाडून टाका.